तेरा वाजलेलं घड्याळ

माझ्या डाव्या हातात गड्याचं घड्याळ आहे. काळं, जाड, रबरी पट्ट्याचं, आकड्यांचं. ते उन्हावर चालतं. त्याचा सेल बदलावा लागत नाही, चावी द्यावी लागत नाही. रस्त्यानं जाताना लोक आधी माझ्या हाताकडं बघतात, मग तोंडाकडं. बघू द्या. डोळे त्यांचे आहेत.

हे घड्याळ मुलानं स्वतःसाठी घेतलं होतं. तो पोलीस भरतीची तयारी करायचा. बेंबळीच्या रस्त्यावर पळायला जायचा, पळायला लागला की एक बटण दाबायचा, थांबला की दुसरं. भरती काही झाली नाही. वय निघून गेलं. आता तो धाराशिवला एका औषधाच्या दुकानात कामाला आहे. पळणं संपलं, घड्याळ राहिलं. एका दिवाळीला गावाकडं आला तेव्हा त्यानं ते काढून माझ्या हातात बांधलं.

"आई, हे तू घाल. शेतात येळ कळंल."

"गड्याचं हाय की हे."

"घड्याळाला काय कळतंय हात कुणाचा हाय ते?"

हे मला पटलं. नवरा गेल्यापासून हातात बांगड्या नव्हत्या, जागा मोकळीच होती. पट्टा मात्र मनगटाला सैल झाला. शेवटच्या भोकात अडकवूनही गरगर फिरायचा, म्हणून मी दाभण तापवून आणखी एक भोक पाडलं. मुलाला ते बघून वाईट वाटलं. वाटू दे. घड्याळ हातात राहणं महत्त्वाचं.

येळ कळंल, असं तो सहज म्हणाला. पण वेळेवाचून माझं काय अडत होतं ते त्याला ठाऊक होतं. आमची विहीर सामायिक आहे. नवरा अन् दीर असे दोघं भाऊ. शेत वाटलं गेलं, विहीर वाटता येत नाही. एक मोटर, एक पाइप, पुढं त्याला दोन फाटे अन् दोन कॉक. एक कॉक माझ्या रानाकडं, एक दिराच्या. लाईट आठ तास असते. अर्धी बारी माझी, अर्धी त्यांची. आज पहिली बारी माझी असली तर उद्या त्यांची. उन्हाळ्यात विहिरीला पाणी कमी, त्यामुळं बारी किती वाजता बदलली याला किंमत असते. माझ्याकडं मिरची होती अन् म्हशीपुरतं कडवळ. त्यांच्याकडं भुईमूग.

पूर्वी घड्याळाचं काम नव्हतं. विहिरीजवळ लिंब होता. त्याची सावली काठावरच्या मोठ्या दगडाला लागली की बारी बदलायची. सावली सगळ्यांना दिसते. तिच्यावरून कधी भांडण झालं नाही. मग एका वादळात लिंब पडला अन् कारभार घड्याळावर आला. नवरा होता तोवर दोघा भावांच्या हातात दोन घड्याळं होती. नवरा गेला, त्याचं घड्याळ बंद पडलं, अन् एकच घड्याळ राहिलं, दिराचं. मग दीर सांगतील ती वेळ.

मी चौथीपर्यंत शिकले आहे. पाढे पाठ होते, हातच्याची वजाबाकी येत होती. काट्यांचं घड्याळ मात्र कधी डोक्यात बसलं नाही. मोठा काटा पाचावर आला की पंचवीस म्हणायचं, अन् लहान काटा पाचावर आला की पाचच म्हणायचं, हे मला तेव्हाही पटलं नाही अन् आजही पटत नाही. मोबाईल होता, त्यात आकडे दिसायचे. तो विहिरीत वाकून पाणी किती आहे ते बघताना पोलक्यातून निसटला अन् पाण्यात गेला. दुसरा घेतला तो मी घरीच ठेवते.

म्हणजे कॉकजवळ उभं राहून मी विचारायचं, "भावजी, किती वाजले?" अन् त्यांनी मनगट डोळ्यांजवळ नेऊन सांगायचं, "अजून लई येळ हाय." ते खरं सांगत होते का खोटं, मला काही सांगता येत नाही. माझ्याकडं मोजायला काहीच नव्हतं. दीर माझ्याहून लहान आहेत, तरी आमच्याकडं दिराला अहो-जाहो करायची रीत आहे. भांडतानाही आम्ही तुम्ही-तुम्ही करतच भांडतो.

घड्याळ आलं अन् मला वेळ वाचता यायला लागली. आकडे म्हणजे आकडे. दहा म्हणजे दहा. पहिल्या दिवशी मी उगाच सारखी बघत होते. म्हशीला पाणी दाखवलं, बघितलं. भाकरी खाल्ली, बघितलं.

उन्हाचं काय ते मला आधी नीट कळलं नव्हतं. आमच्याकडं सोलर म्हटलं की रानात उभ्या केलेल्या त्या निळ्या पाट्या. दिवस मावळला की त्यांची मोटर बंद. मला वाटलं हेही तसंच असणार. म्हणून दिवेलागणीला काढून कपाटात ठेवायची. हिवाळ्यात शेतात जाणं कमी झालं अन् ते बरेच दिवस कपाटातच राहिलं. काढून बघते तर काच कोरी. मी म्हटलं, उपाशी राहिलं. गच्चीवर धोतराच्या पांढऱ्या धडप्यावर सांडगे घातले होते, त्यांच्याच कडेला ते ठेवून दिलं. शेजारची गच्चीवरून म्हणाली, "अक्का, सांडग्यात काय वाळत घातलंय?"

"घड्याळ."

"चांगलं कडक वाळू द्या. न्हायतर बुरशी धरंल."

ती हसून खाली जायच्या आत घड्याळात आकडे आले. नंतर मुलानं सांगितलं की अंधारात ठेवलं की ते झोपतं, मरत नाही. पोटात ऊन साठवलेलं असतं, रात्रीही चालतं. तेव्हापासून मी ते काढत नाही. एकदा पट्टा सुटून गोठ्यात पडलं, म्हशीनं त्याच्यावर पाय दिला, शेणात बुडालं, हौदात धुतलं. चालतंच आहे.

उन्हाळा लागला अन् बाऱ्या सुरू झाल्या. लाईट दहाला यायची, सहाला जायची. बारी दोनला बदलायची. पहिल्या दिवशी दोन वाजले अन् मी दिरांना विचारलं नाही. नुसती जाऊन कॉकजवळ उभी राहिले. ते भुईमुगातून आले, माझ्या मनगटाकडं बघितलं, स्वतःच्याकडं बघितलं. दोन्हीत दोनच वाजले होते.

"लेकानं दिलं का?"

"व्हय."

"गड्याचं हाय ते."

"मिरचीला पाणी बाईच देती," मी म्हटलं अन् कॉक फिरवला. त्या दिवशी मला बरं वाटलं, हे सांगायला हरकत नाही.

पुढं माझीच फजिती झाली. त्या दिवशी पहिली बारी दिराची होती. माझी मिरची फुलावर आली होती अन् वरून असं ऊन होतं की दोन दिवस पाणी चुकलं तर फुलोरा गळून बुडाशी पडतो. मी बांधावर बसून बारीची वाट बघत होते. घड्याळ बघितलं अन् चमकले. तेरा. तेरा अन् पुढं थोडी मिनिटं. तेरा वाजलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मग मी विचार केला. पुढचा एक उगाच आलाय. सकाळी भांडी घासताना काहीतरी दाबलं गेलं असणार. तो एक सोडून दिला तर राहतात तीन. म्हणजे तीन वाजले. म्हणजे दोन कधीच होऊन गेले अन् दीर माझं पाणी खाऊन बसलेत.

मी उठले. आधी माझा कॉक उघडला, मग त्यांचा बंद केला. हा क्रम मोडता येत नाही, दोन्ही बंद झाले तर पाइप फाटतो. डोकं तापलेलं असलं तरी हात क्रम चुकले नाहीत. चुकलं होतं दुसरंच.

सरीतलं पाणी थांबलं तसे दीर खोरं घेऊन आले. त्यांच्या मागून जाऊही आली.

"वैनी, कॉक कुणी फिरवला?"

"म्या. तीन वाजले."

"तीन? आत्ता कुठं एक वाजून गेलाय!"

"हे बघा." मी हात पुढं केला.

त्यांनी वाकून बघितलं. "हे तेरा हाय."

"पुढचा एक सोडून द्यायचा."

"का सोडायचा? एक काय फुकटचा आलाय व्हय? अन् सोडायचाच तर मग तीन सोडा, एक ठिवा. एकच वाजलाय."

जावेला हसू आवरेना. "अक्का, तुमच्या घड्याळाचे तीनतेरा वाजले!"

मी काही बोलणार होते, तेवढ्यात खाली नजर गेली. माझी सावली पायाशी गोळा होऊन पडली होती. तीन वाजता सावली अशी नसते. हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक आहे. जन्मभर मी सावली बघून म्हशी सोडल्या, सावली बघून भाकरी सोडली. अन् त्या दिवशी एका काचेत बघितलं अन् पायाशी बघितलं नाही. मी दिरांचा कॉक उघडला, माझा बंद केला.

"आता माझ्याच घड्याळावर चालायचं," दीर म्हणाले. "बाईनं गड्याचं घड्याळ घातलं की असंच हुतंय."

मी परत बांधावर जाऊन बसले. एवढ्यावर भागलं नाही. जावेनं गावात सांगितलं. मी दळण घेऊन निघाले की पारावरचे विचारायचे, "अक्का, तेरा वाजले का?" एक म्हातारा तर रोज विचारायचा. मी त्याला म्हटलं, "तुमचे कवाच वाजलेत, आता कशाला चौकशी?" मग त्यानं विचारणं सोडलं. पण विहिरीवर मी पुन्हा पहिल्यासारखी झाले. बारी कधी बदलायची ते दीर सांगणार अन् मी ऐकणार. घड्याळ हातात असून.

मुलगा रविवारी आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही, म्हणून पुढचं विचारता आलं. त्यानं सांगितलं की दुपारनंतर तेरा, चौदा असं चोवीसपर्यंत मोजायचीही एक रीत आहे, रेल्वेत तशीच चालते. बटण दाबलं की घड्याळ त्या रीतीवर जातं. "थांब, मी पुन्हा बारावर आणून देतो."

"नको," मी म्हटलं. "पुन्हा दाबलं गेलं तर पुन्हा हसं. तेराचं काय करायचं तेवढं सांग."

"बारा वजा करायचे."

"एवढंच?"

"एवढंच."

तेवढं मला चौथीत असल्यापासून येतं. मी ते चोवीसावरच ठेवलं. कामं करता करता स्वतःशी म्हणायची, सतरातनं बारा गेले पाच, एकोणीसातनं बारा गेले सात. चार दिवसांत बोटं लागेनाशी झाली.

पण मला येऊन काय उपयोग? विहिरीवर माझ्या घड्याळाला मान नव्हता. त्यात मला दिसायला लागलं की दिरांचं घड्याळ मागं पडतंय. माझ्यात चौदा वाजून पुढं मिनिटं व्हायची अन् ते म्हणायचे अजून दोन व्हायचेत. आधी थोडं, मग जास्त. त्यांची बारी पहिली असली की ती लांबायची. माझी पहिली असली तर तीही लांबायची, हेही खरं आहे. पण पहिल्या पाण्यात अन् दुसऱ्या पाण्यात फरक असतो. पहिल्याला विहीर भरलेली मिळते, दुसऱ्याला तळाचं. त्यांची बारी लांबली की माझ्या वाट्याला नुसता गाळ अन् झरा. माझी लांबली तर मला शेवटी तोच गाळ. मिरचीच्या बुडाशी पांढरी फुलं पडायला लागली होती. एकदा मी म्हटलं, "भावजी, तुमचं घड्याळ मागं हाय." ते म्हणाले, "अन् तुमच्यात किती वाजलेत? तेरा का चौदा?" जाऊ हसली. विषय संपला.

मग तो दिवस आला. पहिली बारी त्यांचीच होती. मी बाभळीखाली बसले होते. माझ्यात चौदा वाजले. थांबले. बराच वेळ गेला. पाणी भुईमुगातच. मी मिरचीकडं बघितलं. पानं खाली वळली होती. मग मी या वेळी खाली बघितलं, माझी सावली बघितली. ती उगवतीकडं कंबरेएवढी पसरली होती. घड्याळ अन् सावली एकच सांगत होती.

कॉकला मी हात लावला नाही. तो एकदा लावून बघितला होता. सरळ भुईमुगात गेले. दीर वाफ्याचं तोंड फोडत होते.

"भावजी, किती वाजले तुमच्यात?"

त्यांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं. "साडेबारा."

"नीट बघा."

"साडेबारा हाय की. आत्ता मघाशी बघितलं तवाबी…" अन् ते थांबले.

"मघाशी किती हुतं?"

त्यांनी घड्याळ हलवलं. कानाला लावलं.

"सावली बघा की तुमची," मी म्हटलं.

त्यांनी खाली बघितलं. सावलीच्या हातातही खोरं होतं, खोऱ्याची सावली तर वाफा ओलांडून गेली होती. ते तिच्याकडं बघत उभे राहिले. मला त्यांचं तोंड दिसत होतं. मघापासून ते पाण्यात उभे होते, सावलीही त्याच पाण्यात होती, अन् ते मनगटाकडं बघत होते. मला हे कसं होतं ते ठाऊक होतं.

"तुमच्यात किती?" त्यांनी विचारलं.

"चौदा चाळीस."

ते बोटांवर मोजायला लागले. मी थांबले. सांगून टाकलं नाही.

"दोन चाळीस," ते म्हणाले.

"व्हय."

ते विहिरीकडं गेले. आधी माझा कॉक उघडला, मग त्यांचा बंद केला. मिरचीत पाणी आलं. जी चाळीस मिनिटं गेली ती मी दुसऱ्या दिवशी मागून घेतली. त्यांनी दिली. न दिली असती तर भांडले असते.

त्यांचं घड्याळ धाराशिवला दाखवलं. दुकानदार म्हणाला सेल नव्हे, आत गंज चढलाय. फोन त्यांच्याकडं होता, पण त्याची काच फुटून आत काळं झालेलं. आलेला फोन उचलता येतो, बाकी काही दिसत नाही. नवीन घड्याळ भुईमूग निघाल्यावर बघू म्हणाले. एके दिवशी मोटरीच्या पेटीजवळ मला म्हणाले, "वैनी, तुमचं ते घड्याळ हितं पेटीला टांगू या का? ऊनबी लागंल. दोघांनाबी दिसंल."

बोलणं वावगं नव्हतं. लिंबाची सावली तशीच होती, कुणाच्या हातात नव्हती. पण मी म्हटलं, "न्हाय. माझ्या हातातच राहील. इचारायला या."

जाऊ म्हणाली, "अक्का, लई ताठा बरा न्हाय."

"ताठा न्हाय, पट्टा हाय. नव्या भोकाचा. पेटीला बसायचा न्हाय."

तेव्हापासून ते विचारायला येतात. बांधावरून हाक मारतात, "वैनी, किती झाले?" खोटं सांगायला मला काय लागतं? दहा मिनिटं इकडची तिकडं केली तर त्यांना कळणार नाही. मी करत नाही. हा काही चांगुलपणा नाही. एकदा खोटं सापडलं की पुन्हा कुणी विचारायला येणार नाही, अन् मला विचारलेलं आवडतं. शिवाय मी तोंडानं सांगतच नाही. हात पुढं करते. वाचा अन् जा.

मिरची वाचली. सगळी नाही. खालचा तुकडा जळाला, वरचा आला. आठवडी बाजारात भाव जो मिळायचा तो मिळाला.

त्या उन्हाळ्याच्या शेवटी एक दिवस लाईट उशिरा आली. म्हणून बारी दोनच्या ऐवजी तीनला बदलायची असं आम्ही ठरवलं. पहिली बारी माझी होती. मी मिरचीच्या शेवटच्या सरीत होते. दीर लांबूनच येताना दिसले, घाईघाईनं. मी हात पुढं केला. त्यांनी वाकून बघितलं अन् एकदम ओरडले, "पाच वाजले की वैनी! माझी बारी गेली!"

मी बघितलं. पंधरा अन् पुढं दोन शून्यं.

मागं जाऊ उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला, पण हसू पदराबाहेर आलंच.

मी हसले नाही. "बारा वजा करा, भावजी," मी म्हटलं, अन् ते बोटं मोजेपर्यंत जाऊन त्यांचा कॉक उघडला, मग माझा बंद केला.